बर्फाच्या तळघरातली गॅसबत्ती

अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात मी जमिनीचं तापमान मोजणारी यंत्रं सांभाळायचो. ऐंशीच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये मला अलास्काच्या पार उत्तरेला, इनुइट लोकांच्या एका गावी पाठवलं. बायको म्हणाली, "घरातला हीटर तुला धड लावता येत नाही, आणि तू पृथ्वीचा ताप बघणार?"

तिथल्या एका आजींच्या घरामागे लाकडी झाकण होतं. त्याखाली शिडी, आणि शिडीखाली बारमाही गोठलेल्या मातीत त्यांच्या आजोबांनी हाताने खणलेलं तळघर. देवमाशाचं मांस वर्षभर तिथेच राहायचं. शिकारीच्या होड्या समुद्रात जाण्याआधी ते रिकामं करून, खरवडून, तळाला ताजा बर्फ अंथरायचा. देवमासा स्वतःहून येतो, आणि कुणाकडे जायचं ते घर बघून ठरवतो, असं आजी मानायच्या.

त्या वर्षी तळाशी पाणी साचून थिजलं होतं. आजींनी असं जन्मात पाहिलं नव्हतं. देवमाशाला ठेवायला ही जागा टिकेल का, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

त्या आपल्या भाषेत बोलायच्या, नात इंग्रजीत उत्तर द्यायची. मधल्या पिढीला शाळेत ती भाषा बोललं की शिक्षा व्हायची, ती सुटली ती सुटलीच. मला माझी मुलगी आठवली. 'जेवलीस का?' विचारलं की म्हणायची, 'नॉट हंग्री.' आमच्याकडे तर कुणी शिक्षाही केली नव्हती.

नातीबरोबर खाली उतरलो. छताला बोटबोट लांब हिमाची पिसं लटकत होती. आजवर खाली आलेल्या प्रत्येकाचा श्वास तिथे गोठून राहिलाय, असं नात म्हणाली. म्हणजे त्या आजोबांचाही. मी गॅसबत्ती टांगली आणि आकडे लिहिण्यात गढून गेलो. थोड्या वेळाने वहीवर थेंब पडला, मग दुसरा. वर पाहिलं, तर बत्तीवरची पिसं गायब. जमीन का तापतेय ते शोधायला आलेला मी स्वतःच ती तापवत बसलो होतो.

आजी खाली आल्या. रागावल्या नाहीत. बत्ती विझवली, माझा हातमोजा काढला आणि तळवा भिंतीवर टेकवला. वडिलांच्या वेळी इथे हात चिकटायचा, म्हणाल्या. माझा चिकटला नाही. पुढच्या चार दिवसांचे माझे आकडेही तेच सांगत होते.

"यंदा?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"यंदा टिकेल. पुढचं मला सांगता येत नाही."

हे मात्र नातीने आजींना त्यांच्याच भाषेत सांगितलं, अडखळत, शब्द शोधत. आजींनी तिला दोनदा दुरुस्त केलं आणि माझ्या हाती फावडं दिलं. दोन दिवस आम्ही तळाचा बर्फ फोडून वर काढला, स्वच्छ बर्फ खाली सोडला. माझ्या अर्ध्या बादल्या शिडीवरच सांडल्या.

मे महिन्यात नातीचा फोन आला. देवमासा आला होता, तळघर भरलं होतं. मागून आजींचा आवाज येत होता.

"काय म्हणतायत?"

"विचारतेय, त्या माणसाने घरची बत्ती तरी विझवलीय ना?"

मी उठून स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.