मोठीमायच्या तुपाची तपासणी

आमच्या गल्लीतलं सगळं तूप भेसळीचं आहे, हे मी दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सिद्ध केलं. गल्लीनं हे संशोधन अजून स्वीकारलेलं नाही.

तेव्हा मी बीडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय इंडस्ट्रियल केमिस्ट्री. युसूफ वडगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथं हा विषय कुणाला समजावून सांगणं म्हणजे वेगळी पदवी घेण्यासारखं आहे. आई सांगायची, "औषधाचं शिकतोय." शेजारी सांगायचे, "दारूचं शिकतोय." (दोघांचंही खोटं नव्हतं, दोन्ही धडे होते.) अण्णा, म्हणजे माझे वडील, मात्र थेट निकालच सांगून मोकळे व्हायचे. "साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होनार हाय गजू!" कारखान्याला ही बातमी अजून कळलेली नव्हती.

आमच्या भिंतीला भिंत लावून आबांचं घर आहे. आबा म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. दोघांमध्ये कैक वर्षांचा अबोला. कारण शेताचा बांध. आबांचं म्हणणं, अण्णांनी वीतभर कोरला. अण्णांचं म्हणणं, आबांनी वीतभर कोरला. दोघांचंही खरं धरलं तर बांध जागेवरच असायला पाहिजे, पण हे गणित मांडायची हिंमत कुणात नव्हती.

अबोला असला तरी संसार शेजारीशेजारी, त्यामुळं निरोप द्यावेच लागायचे. आबा ते म्हशीमार्फत द्यायचे. गोठ्यात उभं राहून भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "चांदे, कुनाची तरी मोटार चालूच राह्यली बग. हीर आटली का बोंबलत बसंल!" की अण्णा उठून मोटार बंद करायला पळायचे. म्हैस आमच्याकडंही होती, पण म्हशीशी बोलणं अण्णांना कमीपणाचं वाटायचं. ते आईशी बोलायचे, फक्त भिंतीकडं तोंड करून.

तर त्या दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी, आबांनी मला गोठ्यातून हाक मारली.

"ए केमिस्ट, हिकडं ये."

गेलो. शेजारी मोठीमाय उभी. मोठीमाय म्हणजे आबांची बायको, माझी चुलती. तिच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात तूप. रवाळ, कडेला जरा सोनेरी झालेलं, आणि वास असा की मला मेसमधली वर्षभराची भाजी आठवून रडूच आलं.

"बीडात पार वाळून गेलास रं लेकरा," मोठीमाय म्हणाली. "भातावर घेत जा. सोता कडवलंय."

"आन् हे बग," आबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुज्या बापाला सांग, उद्या पाडव्याला हिकडंच जेवायला या म्हनावं. समद्यांनी."

मी पळतच घरी आलो. अण्णा ओट्यावर बसले होते.

"अण्णा, आबानं उद्या जेवायला बोलावलंय."

"कुनाला?"

"आपल्याला."

"आपल्याला म्हंजे? मला बी?"

"तुमालाच. 'तुज्या बापाला सांग' असं म्हनले."

"बाप म्हनला का? आदी 'त्याला सांग' म्हनायचा." अण्णा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "चुलीचा धूर लई झालाय." (चूल सकाळीच विझली होती.) आणि आत जाऊन त्यांनी ठेवणीतला पांढरा सदरा काढला. उद्याचं जेवण, सदरा आजच घातला! त्या माणसाला आपला भाऊ परत पाहिजे होता, हे मला तेव्हाच लख्ख दिसलं. एवढं दिसूनही मी पुढं जे केलं, त्याला शिक्षणाशिवाय दुसरं कारण नाही.

झालं असं, की सुट्टीआधीच आम्हाला तेलं आणि तुपं हा भाग शिकवून झाला होता. तुपात वनस्पती, म्हणजे डालडा, मिसळली आहे का, हे ओळखायची एक चाचणी असते. परीक्षानळीत पातळ तूप घ्यायचं, तेवढंच तीव्र अ‍ॅसिड घालायचं, चिमूटभर साखर टाकायची, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. तूप शुद्ध असेल तर काही होत नाही. वनस्पती असेल तर खालचं अ‍ॅसिड लाल होतं. मला वाटलं, आबांनी एवढ्या मायेनं दिलंय, तर त्याच्या शुद्धतेवर विज्ञानाची मोहोर उमटवू. हेतू शंभर टक्के स्तुतीचा होता!

परीक्षानळ्या कॉलेजातून आणल्या होत्या (परत नेणारच होतो). अ‍ॅसिड किराणा दुकानातलं, फरशी धुवायचं. साखर आईची. सगळं मिसळून नळी ओट्यावर उन्हात ठेवली. तेवढ्यात आईनं दळण आणायला पाठवलं. गिरणीवर गर्दी, गिरणीत लाईट नाही, लाईट आली तर गिरणीवाला जागेवर नाही. तासाभरानं परत आलो, तर नळीत खाली लालभडक रंग!

मोठीमायच्या तुपात वनस्पती?

शहाण्या माणसानं नळी उकिरड्यावर रिकामी केली असती. पण मी शेवटच्या वर्षाला होतो. मी व्हिडिओ केला. "नमस्कार. बाजारातच नव्हे, तर आपल्या अगदी जवळच्या घरांतही तुपात भेसळ होते. पाहा हा रंग," असं गंभीर आवाजात बोललो आणि जनजागृती म्हणून भावकीच्या ग्रुपवर टाकून दिला. कुणाचं तूप, हे मात्र सांगितलं नाही. शास्त्रज्ञ नाव घेत नसतो.

नाव डब्यावर होतं. परीक्षानळीच्या मागं, बरोबर मधोमध, मोठीमायच्या लग्नात आलेला तो स्टीलचा डबा, आणि त्यावर कोरलेलं तिचं अख्खं नाव, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. व्हिडिओत माझ्या चेहऱ्यापेक्षा ते जास्त स्पष्ट आलं होतं.

चहा पिऊन होईपर्यंत भिंतीपलीकडून आवाज आला.

"चांदे! आपल्या दुधात वनस्पती असती म्हनं! कावून गं, कडबा सोडून डालडा खातीस का काय?"

पाठोपाठ मोठीमाय अंगणात. डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळे लाल. "गजू, तुला लहानपनी मी भरवलं रं. ह्याच हातानं. आन् तू माज्या तुपाची चव मोबाईलवर घालवतोस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंडातून निघालं, "मोठीमाय, तूप खोटं बोलत न्हाई, मी काय करू?" (हे वाक्य आठवलं की अजून अंगावर काटा येतो.)

मग आबा स्वतः आले. पाठोपाठ अर्धी भावकी. अण्णांनी सदऱ्याच्या वरच्या गुंड्या सोडल्या, मग सगळ्याच सोडल्या, आणि सदरा काढून दोरीवर टाकला. उद्याचं जेवण गेलं, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की त्यापेक्षा मारलं असतं तरी चाललं असतं.

"ह्याच्या बापाला सांगा," आबा भावकीला म्हणाले, "दुसऱ्याचं तपासायच्या आदी सोताच्या घरचं तपास म्हनावं!"

"तपास!" अण्णा भिंतीकडं बघून ओरडले. "आमच्या हिच्या तुपाला कुनाचं भ्याव हाय?"

मी आईचं तूप घेतलं. आता शास्त्रात सगळ्यांना सारखा न्याय. पहिली नळी तासभर उन्हात होती, म्हणून हीसुद्धा तासभर उन्हात. भावकी चटई टाकून बसली. शत्रुत्व असलं तरी पाहुणचार चुकत नाही, आईनं चहा टाकला. तासाभरानं आईचं तूप मोठीमायच्या तुपापेक्षा लाल निघालं.

कपबशी आईच्या हातातून सुटली. "माज्या तुपात? अरे सोन्या, ह्या तुपावर वाढलास ना तू?"

"म्हनूनच असा निगाला," मोठीमाय म्हणाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण कोपऱ्यावरच्या मावशी घरातून वाटी घेऊन आल्या. "माजं बघ बरं. माजं असलं नसतंय." लाल. त्यांच्या जावेचं, लाल. जाऊ म्हणाली, "मी तुमच्याकडूनच तर नेलतं!" मावशी म्हणाल्या, "मग तूच कायतरी कालवलं आसन!" देवळातल्या नंदादीपाचं तूप कुणीतरी पळीभर आणलं, तेही लाल! ते कुणी दिलं होतं, यावरून दोन घरांत जुंपली. परीक्षानळ्या संपल्या म्हणून मी औषधाच्या बाटल्या घेतल्या. ओट्यावर लाल रंगाची रांग लागली आणि अंगणात कुणी कुणाशी नीट बोलेना. तोवर आमच्या गल्लीत एकच अबोला होता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांना पुरेल एवढा झाला.

मी गोठ्यामागं जाऊन इरफानला फोन लावला. इरफान बीडला माझा रूम पार्टनर, वर्गातही माझ्याच शेजारी. त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे, त्यामुळं बिघाड कुठं असतो हे त्याला ऐकूनच कळतं.

"सगळं गाव लाल निघालं बे," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"ब्लँक लगाया था क्या?"

ब्लँक म्हणजे तूप न घालता तीच चाचणी करून बघायची, रंग तुपामुळं येतो की आपल्याच सामानामुळं, हे कळावं म्हणून. केमिस्ट्रीत हे पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

"न्हाई," मी म्हणालो.

"और रखा कितनी देर?"

"तासभर. उन्हात."

"अबे, पाँच मिनट में देखने का था! सर बोले नहीं थे क्या? उसके बाद तो बिना घी के साखर और अ‍ॅसिड रखे तो भी लाल होते. तू पहले घर से निकल."

पण मी निघू शकलो नाही. मागं वळलो तर आबा उभे होते, आणि फोन स्पीकरवर होता.

"काय म्हनला दोस्त? बिनतुपाचं बी लाल व्हतं?"

"व्हय, आबा."

"मग कर. समद्यांसमोर कर."

मी अंगणाच्या मधोमध बाटलीत तुपाऐवजी हापशाचं पाणी घेतलं, अ‍ॅसिड घातलं, साखर टाकली आणि ऊन उतरलं होतं म्हणून बाटली गरम पाण्यात उभी केली. भावकी वाकून बघत होती. पाणी आधी फिकट पिवळं झालं, मग गुलाबी, मग छान लालभडक. मोठीमायच्या तुपासारखंच!

शेवटी मोठीमायच म्हणाली, "म्हंजे हापशातच वनस्पती येतीय की!"

मी खाली मान घालून उभा होतो. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हशीकडंही बघितलं नाही. त्यांनी सरळ अण्णांच्या तोंडाकडं बघितलं.

"काय रं," ते म्हणाले, "कोन्त्या कॉलेजात घातलंस हेला?"

अण्णांनी चटकन आजूबाजूला बघितलं, आपल्यालाच विचारलंय ना याची खात्री करून घेतली. "बीडलाच की, आबा."

"फी भरली का समदी?"

"समदी भरली."

"माघारी देतेत का?"

"न्हाई देत."

"आरं आरं आरं!" आबा म्हणाले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून ओट्यावर बसले. घरात मयत झाल्यावर बसतात तसं. आईनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं वाटून मी जवळ गेलो, तर ती हसत होती. मग आबा हसले, मग अण्णा असे हसले की त्यांना ठसका लागला आणि आबांनीच त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला सगळे आबांकडं जेवलो. पुरणपोळी होती. मोठीमाय तुपाची पळी घेऊन पंगतीत फिरली, अण्णांच्या ताटात तर नको नको म्हणेपर्यंत ओतलं. माझ्यापाशी आली आणि तांब्यातल्या पाण्याची धार पोळीवर धरली.

"खा. ह्यात बी हाय वनस्पती."

जेवणं झाल्यावर दोघं भाऊ लिंबाखाली बसले. वाटण्या झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीचा विचार केला. ती गोष्ट मी होतो. कारखान्यात पाठवलं तर कारखाना उडंल, औषधाच्या कंपनीत पाठवलं तर मान्सं दगावतील, घरी ठिवलं तर भावकी फुटंल, असं सगळ्या बाजूंनी बोलून झालं.

"हेला मास्तर करू," शेवटी आबा म्हणाले. "मास्तरला निस्तं सांगायचं असतंय. करायचं काय नसतंय."

"माज्या बी मनात तेच आलतं," अण्णा म्हणाले.

त्या एका वाक्यासाठी अण्णा कैक वर्षं थांबले होते, त्यामुळं मी मध्ये काही बोललो नाही. सध्या मी बी.एड. करतो. आमच्या मॅडमचा आग्रह असतो, की विज्ञानाच्या पाठात प्रयोग वर्गात प्रत्यक्ष करून दाखवलाच पाहिजे. मी फळ्यावर चित्र काढून दाखवतो.