राखेनं घासलेली सीडी

भगवंतनं नांदगाव खंडेश्वरात वीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. आता ते काम मोबाइलवाल्यांनी नेलं, पण घरचा जुना कॉम्प्युटर त्यानं काही मोडीत काढला नाही. ओळखीपाळखीत सीडी लावायची सोय तेवढीच उरली आहे. लोक ओरखडलेल्या सीड्या आणतात. हा आधी चार शब्द सुनावतो, मग चालवून देतो.

मैनाबाईंची सीडी पाहून मात्र त्यानं कपाळावर हात मारला. "काकू, कायनं घासली?"

"राखेनं. दरसाल दसऱ्याले पूजा करतो न तिची. कुंकू निघत नव्हतं."

पितळी गडव्यासारखी गोल गोल घासली होती. भगवंत चिडलाच, पण पुढचं ऐकून त्यानं सीडी ठेवून घेतली. मैनाबाईंच्या यजमानांची, पुंजारामांची, वाचा सात वर्षांपूर्वी लकव्यात गेली. सून प्राजक्ता घरात आली ती त्यानंतर. "तिनं सासऱ्याचा आवाजच नाई ऐकला," मैनाबाई म्हणाल्या. "लेकीच्या लग्नातला तेवढा याच्यात हाय."

भगवंतनं सीडी साबणाच्या पाण्यानं धुतली, मऊ फडक्यानं मधून काठाकडे सरळ पुसली, कणभर टूथपेस्टनं ओरखडे घोटले. तरी चित्र अडायचंच. मग सीडी थेट बघायचा नाद सोडून त्यानं खराब जागा वगळत, वाचता येईल तेवढी कॉम्प्युटरवर उतरवायला लावली. मशीन दोन दिवस कुथत होतं. हाती लागले नऊ सेकंद. त्याला मनापासून वाईट वाटलं.

पेन ड्राइव्ह घेऊन तो त्यांच्या घरी गेला. टीव्हीवर मांडवाच्या दारात धडधाकट पुंजाराम उभे होते. उजवा हात उचलून दणदणीत आवाजात म्हणाले, "जेवल्याबिगर कोनी जाऊ नका हो." आणि चित्र फुटलं. मैनाबाईंनी डोळे पुसले. बाजेवरचे पुंजाराम खुशीत हसत होते.

"एवढंच निघालं, काकू," म्हणत भगवंत उठला. पुंजारामांनी उजवा हात उचलला. प्राजक्ता सवयीनं पाण्याचा गडवा घेऊन निघाली आणि मधेच थांबली.

"आई, तुमी वावरात असता तवा कोनी जाले उठलं की बाबा असाच हात करते. मी चार वर्षं त्यायले पानीच देऊन राहिली."

तिनं गडवा खाली ठेवला, भगवंतपुढं ताट मांडलं आणि सासऱ्यांकडे वळून म्हणाली, "बसले, बाबा. जेवूनच जातीन ते."