माझ्या हाटेलात दुसऱ्यांदा कोणी का येत नसे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मागाहून हसलात तर चहा नाकात जाईल आणि ठपका माझ्यावर येईल. माझ्यासारखा शहाणा माणूस भर पंगतीत कसा गाढव ठरला, ते आज सांगतो. आणि हो, मधे कोणी बोलायचं नाही. बोललात की मी उठून जाईन!

गोष्ट गोऱ्या साहेबाच्या राज्यातली. रावेरकडची शेती मी भावाच्या गळ्यात घातली आणि जळगावला स्टेशनाजवळ हाटेल काढलं. हाटेल म्हणजे काय, तर खाली खाणावळ आणि वर उतारूंच्या खोल्या. शिक्षण म्हणाल, तर मराठी दुसरीत मास्तरानं मला सोडलं की मी मास्तराला, हे अजून ठरायचं आहे. पण आल्यागेल्या माणसाचं कसं करावं, हे मला कोणी शिकवायचं नाही! आमच्या घरी पाहुणा उपाशी उठलेला मी जन्मात पाहिला नाही. पोटभर जेवून उठलेलाही नाही. आमच्याकडे तो उठायचाच मुळी दुसऱ्यानं हात धरून उठवल्यावर.

तर उतारू यायचे. पुष्कळ यायचे. पण एकदाच!

दुसऱ्या खेपेला तोच माणूस स्टेशनातून बाहेर पडे, मला दारात उभा बघे, पागोटं नाकापर्यंत ओढी आणि समोरच्या कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या भिंतीला चिकटून सरके. मी इकडून ओरडतोय, "अहो एरंडोलकर! अहो, इकडे!" आणि एरंडोलकर पळतोय. अंगात काय आलं होतं का त्याच्या?

त्यात जागा माझ्या मेहुण्याची. हा नामदेव नशिराबादचा, माझ्या घरवालीचा धाकटा भाऊ. गोड बोलतो. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग. एक दिवस आला, रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि म्हणाला, "दाजी, कापसाच्या हंगामात पण खोल्या अशाच राहिल्या, तर हे बंद करू. तुम्ही अन् अक्का नशिराबादले या. गोठ्याजवळची खोली रिकामीच हाये."

गोठ्याजवळची खोली! मी, मेहुण्याच्या घरी, त्याच्या म्हशींच्या शेजारी! माझी तर झोपच उडाली.

मग मी शोधायला लागलो, खोट आहे तरी कुठे? म्हटलं, ढेकूण असतील. खाटा अंगणात काढल्या, उकळतं पाणी ओतलं, सुतळ्या नव्या विणल्या. आणि नुसतं करून थांबलो नाही हो! तांबडं फुटताना कंदील घेऊन वर जायचो, उतारूच्या अंगावरची घोंगडी उचलायचो आणि विचारायचो, "चावला का काही?" एवढी काळजी सख्खा बाप घेतो का?

न्हाणीच्या दाराला कडी नव्हती. तीही बसवली. तरी माणूस आत गेला की बाहेर उभा राहून विचारायचो, "पाणी पुरलं का? पाठ चोळून देऊ का?" आतून आवाज येई, "नको, नको!" आता 'नको' म्हणजे काय, हे खानदेशात पोराटोरांना कळतं. 'नको' म्हणजे माणूस लाजतोय. मग मी कडी वाजवायचो.

आणि बंब! आमच्या बंबासारखं पाणी सबंध जळगावात कुठे तापत नसे. कोंबड्याच्या आधी मी जिन्यात उभा, "उठा हो! पाणी निवतंय!" एक वकील होता, रात्रीच्या गाडीनं आलेला. तो म्हणाला, "मला दहाला कोर्टात जायचंय." मी म्हटलं, "म्हणूनच उठा. कोर्टात जाणाऱ्यानं पोट साफ करूनच जावं." दोन्ही हात जोडले त्यानं मला. मला वाटलं, आदरानं जोडले!

जेवणाचं तर विचारूच नका. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, त्यावर तेलाची धार, ठेचा. माणूस ताटावर हात आडवा धरायचा. मी तो हात अलगद उचलायचो आणि खाली भाकरी सारायचो. तो खातो आहे तोवर शेजारी पाट टाकून बसायचो. "गाव कोणतं? सासुरवाड कोणती? मूलबाळ किती? नाही? काहून नाही? वैद्याला दाखवलं का?" माणसाला परगावी एकटं वाटू नये, म्हणून हो!

बरं, हे सगळं करून पुन्हा कोणी येईना ते येईनाच.

शेवटी घरवाली म्हणाली, "तुम्ही एकदा धुळ्याला जाऊन या. तिथल्या हाटेलात उतारू म्हणून राहा. चार घास दुसऱ्याच्या हातचे खा. मग कळेल." हे म्हणताना ती पदरात हसत होती. मला वाटलं, शिंक आली असेल.

चाळीसगावला गाडी बदलून धुळं गाठलं. एक हाटेल विचारलं. लोक म्हणाले, तिथं जागा मिळाली तर नशीब.

अहो, गेलो तर काय? खाटेचा एक पाय विटेवर. कंदिलाची काच अशी काळी की पेटवला काय, न पेटवला काय. ढेकूण तर सरकारी नोकरीत असल्यासारखे वेळेवर हजर! न्हाणीत पाणी बर्फासारखं. आणि मालक? मालक गल्ल्याशेजारी डोळे मिटून पंख्यानं वारा घेत बसलेला. मी म्हटलं, "रावेरचा आहे मी." तो म्हणाला, "बरं." बस! ना भावकी विचारली, ना सासुरवाड! मनात म्हटलं, ह्याचं हाटेल लवकरच बसणार.

पण खोल्या भरलेल्या. जो तो म्हणे, मी दर महिन्याला इथंच उतरतो. माझं डोकं फिरलं. ह्यांना ढेकूण आवडतात की काय?

दुपारी पंगतीला बसलो. शेजारी साक्रीकडचा एक घोंगड्यांचा व्यापारी. तोंडानं मोकळा. त्यानंच विचारलं, "आबा, कोठे चालनात?"

"जळगावला." मी बेरकीपणानं पुढे टाकलं, "तिकडे उतरायला कुठे बरं आहे?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. "कोठे भी उतरा. पन स्टेशनजवळ एक हाटेल शे, जिनना समोर. तठे पाय ठेवू नका!"

"काहून? ढेकूण आहेत?"

"ढेकूण? एक नही! खाटा नव्या, पानी गरम, भाकर तर अशी का मायनी याद येस. बठ्ठं झकास शे. पन तो मालक शे ना, मालक!"

"त्याचं काय?"

"ढेकूण रातले चावस, तो दिनभर चावस!"

समोरच्या ओळीतला एक माणूस हसता हसता ठसकला. म्हणजे त्यालाही ठाऊक! पलीकडचा म्हणाला, "तोच ना, बंबवाला?" अख्खी पंगत हसायला लागली. मी पण हसलो. काय करणार?

घोंगडीवाला रंगात आला. "मना भागीदार तठे उतरना व्हता. दुसऱ्या दिवशी सुटका व्हयना. शेवटी खोटं सांगं, माय आजारी शे, मी जास. तर तो मालक स्टेशनपर्यंत मांगे वना! गाडीच्या खिडकीतून काढ्याची पुडी दिली. म्हणे, मायले सकाळ-संध्याकाळ दे. आता मना भागीदारनी माय कधीच वारली. तो माले विचारस, काढा कोठे पाठवू? वर?"

पंगत लोळायला लागली. आणि मला आठवला तो भागीदार! तीन गल्ल्या पालथ्या घालून मी तो गुळवेल आणला होता हो! स्वतः कुटला होता! अंगाची लाही झाली. म्हटलं, "अरे, माणसाची चौकशी केली, त्यात त्याचं काय चुकलं? आजकाल कोण कोणाला विचारतं? तुम्हाला चांगलं पचत नाही!"

"आबा, तुम्ही काय त्याना वकील शेतस का?"

"वकील कशाला? खरं ते बोलतो." बोलता बोलता माझं लक्ष त्याच्या ताटाकडे गेलं. भाकरी संपलेली. वाढपी लांब, खुशाल गप्पा मारत उभा. माझा जीव कसा राहील? उठलो, वाढप्याच्या हातची टोपली ओढली आणि आलो. "हे काय खाणं झालं? घे."

"नको आबा, पोट भरनं."

"लाजतोस काय? साक्रीपर्यंत जायचंय तुला." त्यानं ताटावर हात आडवा धरला. मी तो अलगद उचलला आणि खाली भाकरी सारली. त्याच्याजवळ टेकलो. "सासुरवाड कोणती तुझी?"

पंगतीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

घोंगडीवाला माझ्याकडे बघतो, भाकरीकडे बघतो, पुन्हा माझ्याकडे. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. हळूच म्हणाला, "आबा… तुम्ही जळगावना का?"

"मी? छे! मी रावेरचा."

"मग मना हात सोडा."

खरंच हो, हात मी अजून धरूनच होतो!

समोरची ओळ ताटं घेऊन सरकली. माझ्या बाजूचे दोघे तर हातही न धुता उठले. आणि तो मालक! सकाळपासून पहिल्यांदा त्यानं डोळे उघडले. जवळ आला, अदबीनं वाकला. "आबा, तुमची भाकर बांधून देतो. गाडीची वेळ होईल."

"गाडी संध्याकाळी आहे!"

"स्टेशनवर हवा छान शे, आबा."

एका गावातून उतारू पळवत होतो, आता दुसऱ्या गावातूनही पळवले!

घरी आलो आणि घरवालीला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की चुलीवरचं भरीत करपलं. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं तर बोलली काहून नाहीस?"

"बोलू कधी दिलंत?"

मग तिनंच निकाल लावला. हंगामभर हाटेल ती बघणार. आणि मी? मी नशिराबादला. गोठ्याजवळच्या खोलीत! जे टाळायला धुळ्यापर्यंत धावलो, तेच अखेर पदरात! पण तिचं ऐकलं. ऐकावं लागलं.

आणि काय सांगू, खोल्या भरल्या! तो एरंडोलकर परत आला. वकील आला. भागीदार आला. घरवाली पाणी तापवून ठेवी आणि आपल्या कामाला लागे, एवढंच. ज्याला न्हायचंय तो न्हाईल, म्हणे. हाटेल बंद करायचा विषयच मिटला.

आणि मी नशिराबादला नामदेवाच्या घरी नुसता बसून थोडाच राहणार होतो? सकाळी सगळ्या घराला उठवणं, न्हायला घालणं, पोरांच्या ताटात बघून वाढणं, म्हशींना वेळेवर चारा पडला की नाही पाहणं, सगळं अंगावर घेतलं. घर कसं ताळ्यावर आणलं!

आठवडा व्हायच्या आत एका दुपारी बघतो तर घर रिकामं. मेहुणा नाही, त्याची बायको नाही, पोरं नाहीत. म्हशी तेवढ्या दावणीला.

संध्याकाळी जळगावहून घरवालीचा निरोप आला. नामदेव बायकापोरांसकट हाटेलात उतरला आहे. वरची मोठी खोली घेतली आहे. आणि विचारतोय, दाजी नशिराबादला पक्के किती दिवस आहेत?