सकाळच्याच शिंका

आमची नात पाच वर्षांची असताना रोज उजाडता उजाडता शिंकायची. एक-दोन नाय, सटासट वीस. डोळे लाल, नाकाचा नळ चालू. नऊ वाजले की पोर ठणठणीत, दुपारी आंब्यावर. दुसऱ्या सकाळी परत तेच. ती माझ्या खाटेवर निजायची, म्हणून पहिली शिंक माझ्याच कानात.

पेणचा डॉक्टर म्हणाला, "कधी शिंकते ते लिहून आणा." मी दुसरी शिकलेला. कोळशानं भिंतीवर रेघा ओढल्या. सकाळच्या बाजूला भिंत काळीकुट्ट, बाकी कोरी. मी निकाल दिला, "धाटावच्या कंपन्यांचा धूर. रातपाळी सुटते तेव्हाच शिंका येतात. अजून काय पुरावा पायजे?"

सुनेचं माहेर धाटावलाच. ती पोरीला आठ दिवस तिकडं घेऊन गेली. आठ दिवसांत एक शिंक नाय! पोरीला घेऊन परत आली ती कपडे न्यायला.

"मामंजी, आता पोर तिथंच राहील. शाळेतपण तिथंच घालते."

पोर नसली तर खाटेवर मी काय करू?

त्या रात्री पोर शेवटची म्हणून माझ्याजवळ निजली. उजाडल्यावर मी नेमाप्रमाणे खाटेखालचं बियाण्याच्या वालाचं मडकं ओढलं, कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. आम्ही वाल राखेत ठेवतो, भुंगा लागत नाय. माझा बाप एकदा राख घालून विसरायचा. मी रोज ढवळतो, म्हणून माझ्या वालासारखा वाल रोह्यापर्यंत नाय.

राख उडाली. पोर शिंकली.

"आबा, तू राख उडवतोस म्हणून होतं. मामाकडं कोण उडवत नाय."

चुलीपुढं आमची म्हातारी फुंकणी टाकून हसायला लागली. "इतके दिवस धूर धूर करतोय! धूर खाटेखाली हाय गो!"

सून पिशवी घेऊन दारात उभी. "मामंजी, वाल ठेवताय का पोर?"

"धूर राखेत येऊन बसतो, त्याला मी काय करणार?" असं म्हणून मी मडकं उचललं आणि थेट गोठ्यात नेलं. चूक कबूल केली नाय. सुनेनं मात्र पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर टाकले.

दुसऱ्या दिवशी खाटेवर ऊन आलं तरी पोर घोरत होती. मी गोठ्यात वाल ढवळला, तर म्हैस शिंकली. मी इकडंतिकडं बघितलं आणि ढवळत राहिलो. तिला कोण माहेरी नेणार नव्हतं.