बैलांशी बोलणारा बाप

कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या गावात मी अंगणवाडी चालवते. पहिल्या तीन वर्षांत मुलाचा मेंदू झपाट्याने वाढतो, त्याच्याशी बोला, खेळा, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. मीही घरोघरी जाऊन ते सांगायची. खरं सांगायचं तर, पोपटासारखं. त्यातलं मर्म मला शिकवलं ते एका ऊसतोड कामगाराने, आणि तो शाळेत दुसरीपर्यंतसुद्धा गेलेला नव्हता.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की एप्रिलात आमच्याकडची माणसं ऊसतोडीवरून परत येतात. त्या वर्षी मी वजनं घ्यायला वस्तीवर गेले, तेव्हा त्या कामगाराची मुलगी ओट्यावर बसली होती. सव्वादोन वर्षांची, अंगाने बरी. पण तोंडातून शब्द नाही. मी टाळी वाजवली, तिने वळून बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

आई म्हणाली, "बाई, मुकी तर न्हाई ना ही?"

सहा महिने ती पोर उसाच्या फडाच्या कडेला साडीच्या सावलीत बसून होती. आईबाप अंधार असताना कोयता घेऊन निघायचे, संध्याकाळी कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परतायचे ते अंग मोडून. लेकराशी बोलायलाही अंगात त्राण लागतं. मी त्या बाईला काय दोष देणार?

आधी कान तपासायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मीच त्या तिघांना घेऊन एसटीने कर्जतच्या सरकारी दवाखान्यात गेले. कान ठीक निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात तिच्याशी भरपूर बोला आणि दोन महिन्यांनी परत दाखवा."

बाहेर आल्यावर बापाने पोरीला कडेवर घेतलं. मग म्हणाला, "बाई, एवढ्याशा लेकराशी काय बोलायचं? तिला काय कळतंय?"

मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. गाणी म्हणा, चित्रं दाखवा, गोष्टी सांगा. तो मान हलवत राहिला. त्याच्या घरात एकही चित्र नव्हतं आणि गाणं त्याला येत नव्हतं. माझं बोलणं वाया गेलं, हे मला एसटीत बसतानाच कळलं.

आठवड्याने परत गेले, तेव्हा तो हौदाजवळ बैल धूत होता. मी आले ते त्याला दिसलं नाही. "पाय उचल. हां, आता दुसरा. खांदा दुखतुय व्हय? थांब, हळू चोळतो." एवढं बोलून तो थांबायचा. बैल कान हलवायचा किंवा मान वळवायचा. मग तो पुढचं बोलायचा. पोर चार पावलांवर मातीत बसली होती आणि एकटक बघत होती.

मी म्हणाले, "भाऊ, असंच तिच्याशी बोला."

तो लाजला. "बैलाची गोष्ट येगळी. बैल उत्तर देतो."

"कसं?"

"कान हलवतो. डोळ्यानं सांगतो. आपन थांबायचं, मंग कळतं."

मी म्हणाले, "ती पण डोळ्यानंच सांगते आहे. बघा, हौदाकडे बघते."

त्याने वळून बघितलं. मग हातातलं टमरेल पाण्यात बुडवून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "पानी. गार हाय." आणि थांबला. बैलासाठी थांबायचा तसाच, कसलीही घाई नाही. पोरीने हात बुडवला आणि "अं" केलं. तो म्हणाला, "व्हय, लई गार."

मुलाशी बोला, हे मी शंभर घरांत सांगितलं असेल. बोलून झाल्यावर थांबा, हे मी कधीच नीट सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी त्या माणसाला पोरीशिवाय पाहिलं नाही. कडबा कापताना, दावं वळताना, चूल पेटवताना तो जे करायचा तेच तिला सांगायचा. माणसं हसायची. "पोरीसंग बायावानी बडबडतुय," म्हणायची. तो हसून सोडून द्यायचा. आईही भाकरी थापताना पिठाचा गोळा तिच्या हातात देऊ लागली. जूनमध्ये एका सकाळी पोर बैलाजवळ गेली आणि त्याच्या पोटाला हात लावून म्हणाली, "सल." म्हणजे सर, बाजूला हो. बापाने मला हे अंगणवाडीच्या दारात येऊन सांगितलं; आपण चप्पल न घालताच आलो, हे सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दिवाळीआधी ऊसतोडीची टोळी पुन्हा निघाली. पोरीचं आता सगळं मागे जाणार, असं मला वाटत होतं. पंधरा दिवसांनी फोन आला. कारखान्याजवळच्या गावातल्या अंगणवाडीच्या सेविका बोलत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या गावचा एक बाप लेकीला खांद्यावर घेऊन आलाय. म्हणतो, हिला बसवून घ्या, अन् हिच्याशी बोलून झालं की जरा थांबत जा." त्या हसत होत्या. माझा नंबरही त्यानेच त्यांना दिला होता.

ऊस तोडताना त्यांचे हाल कमी झाले नाहीत. पण संध्याकाळी कोपीसमोर तो पोरीला घेऊन बसायचा आणि हळूहळू टोळीतली इतर लेकरंही भोवती जमायची, असं तिच्या आईने मला परत आल्यावर सांगितलं. पुढे मी वस्तीवर पालकांची बैठक घेतली, तेव्हा त्याला बोलवलं. तो एकटाच पुरुष. दाराशी बसला आणि खाली बघत पाच मिनिटं बोलला. माझ्या दोन वर्षांच्या भाषणांपेक्षा बायकांनी ते जास्त लक्ष देऊन ऐकलं.

यंदा जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली. परवा तो रस्त्यात भेटला.

"शाळंतून तक्रार आली," म्हणाला. "वर्गात लई बोलती म्हनं."

"मग तुम्ही गुरुजींना काय सांगितलं?"

"काय सांगनार? माफी मागितली," तो म्हणाला आणि तोंड फिरवून हसला.