आधी पाइप, मग टाकी

"वहिनी, बोलू नका, नुसतं चला," असं म्हणून ऑल्डनने चिखलातून पाय उपसला.

मर्टल काही बोललीच नव्हती. बर्फ वितळून रस्त्याचा राबडा झाला होता. मैलभर मागे त्यांची गाडी आसापर्यंत रुतलेली, आणि गाडीत सेलेस्टबाईंच्या तळघरातून सकाळीच काढलेली तेलाची जुनी टाकी. बाईंनी घर तापवायला आता तेलाऐवजी विजेचं यंत्र घेतलं होतं. रुतलेल्या गाडीतून फावडं काढताना ऑल्डनच्या एकदम लक्षात आलं, टाकी काढली, पण भिंतीबाहेरचा तेल भरायचा पाइप तसाच राहिला. आज मंगळवार, तेलवाल्याचा दिवस, आणि त्याला कोणी कळवलेलं नव्हतं. तो दार वाजवत नाही, पाइपला नळी जोडतो आणि सोडतो. शंभर गॅलन तेल सरळ तळघरात, आणि भिंतीपलीकडे प्यायच्या पाण्याची विहीर! या खोलगटात फोनही लागेना.

"चाळीस वर्षं गावाला सांगताय, आधी पाइप, मग टाकी."

"मारा टोमणे. तेवढंच चालायला बळ येतं."

"टोमणा नाही, भाऊजी. रविवारी चर्चच्या पायरीवर मला विचारलंत, दादा कसा आहे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

ऑल्डनने पुढचा पाय चिखलातून उपसला. मर्टल मनातल्या मनात देवाला म्हणाली, विहीर तेवढी सांभाळ.

वळणावरून घर दिसलं. तेलाचा ट्रक उभा, रबरी नळी भिंतीपर्यंत ताणलेली.

"बंद कर! डेल्बर्ट, टाकी नाहीये आत!"

"केलंय बंद, काका!" तेलवाला डेल्बर्ट ओरडला. "शिट्टी वाजेना. तुम्हीच शिकवलंत ना, टाकी भरताना हवेच्या नळीची शिट्टी ऐकू आली नाही, तर लगेच तेल बंद करायचं."

"गेलं किती?"

"बादलीभर असेल. काय काका, हल्ली टाकीऐवजी बादल्या बसवता काय?"

तळघरात तेल विहिरीकडच्या भिंतीपासून हातभर अलीकडे थांबलं होतं. तिघांनी मिळून त्यावर मांजराच्या शीच्या पेटीत घालतात ती शोषून घेणारी माती ओतली. मग ऑल्डनने स्वतः पाइप उपटला, भोकात सिमेंट दाबलं. करणी दोनदा हातातून निसटली.

हात पुसत तो मर्टलजवळ आला.

"वहिनी, माझ्या पोराला फोन तुम्ही करा. म्हणावं, बापाने काम सोडलं, त्याची हत्यारं घेऊन जा. माझ्यावर सोडलंत, तर सकाळपर्यंत माझं मन फिरेल."