थर्ड शिफ्टच्या घरातली तोंडी परीक्षा

चिंचवडला स्टेशनजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील... अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर होते. कायम थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला.

सकाळी अण्णा येऊन झोपले की घर मुकं व्हायचं. भांडं ठेवायचं तर खाली फडकं, स्टोला पंप मारायचा तर मागच्या अंगणात... दारावर भंगारवाला आला तरी आई धावत जाऊन त्याला आधी गप्प करायची. माझं बी.ए., एम.ए. सगळं नुसते ओठ हलवत वाचून झालं.

मग पीएच.डी.चं खूळ डोक्यात शिरलं. कारखाने आल्यावर भोसरी-चिंचवडकडच्या गावांतल्या जत्रांचं काय झालं, हा माझा विषय. त्यात इतिहास आला, समाजशास्त्र आलं, लोकसाहित्य आलं... दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मी तर तीन विभागांची होते.

पीएच.डी.ला नाव पक्कं होण्याआधी पात्रता परीक्षा असायची. आधी लेखी, मग तोंडी. लेखी निभावली. पण तोंडीत नापास झाले तर पुन्हा बसता येणार नव्हतं, आणि घरी स्थळं यायला लागली होती. पुढे शिकायचं की नाही ते त्या एका दुपारवर ठरणार होतं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी सराव म्हणून तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांसमोर बसवलं. पहिलाच प्रश्न मला येत होता, उत्तर तोंडात तयार होतं... आणि आवाजच फुटेना. सर वैतागून म्हणाले, "अहो, नुसते ओठ हलतायत तुमचे. परीक्षकांनी काय समजायचं?"

घरी येऊन मोरीत बसून रडले. आईने सांगितलं की अण्णांनीच पाहिलं, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आले ते खाटेकडे गेलेच नाहीत. दाराशी पाट टाकून बसले आणि म्हणाले, "बोल. मी हाय ऐकायला."

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी. जत्रेतले मानकरी कोण, जमिनी गेल्यावर त्यांचा मान कुठे गेला, पुस्तकं काय म्हणतात... अण्णा प्रत्येक वाक्याला मान हलवायचे. डोळे झोपेने लाल झालेले असायचे, पण मान हलायची. मला वाटलं, जमतंय की आपल्याला!

असे पुष्कळ दिवस गेले. एकदा बोलता बोलता जुनी सवय परत आली आणि आवाज कधी बंद पडला ते मलाच कळलं नाही. नुसते ओठ हलत होते... अण्णांची मान तशीच हलत होती.

ओठ दिसू नयेत म्हणून मी पदर तोंडावर धरला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "अण्णा, ऐकू येतंय ना?" ते वाट बघत राहिले. मी पुढे बोलेन म्हणून.

मी जवळ जाऊन बसले. त्यांना कळलं मला कळलंय ते. म्हणाले, "प्रेसच्या आवाजानं कान गेलं. लई दिस झालं आता. कंपनीच्या डॉक्टरला सांगू नगा, मशीनवरनं काढतील."

"पण आम्हाला तरी..." मी ओरडूनच विचारलं.

"तुमी समदी माझ्यासाठी पाय न वाजवता चालायचा. ते दिसायचं मला. कसं सांगणार?"

मला राग आला. त्यांचा नाही... त्या फडक्यांचा, त्या अंगणातल्या स्टोचा, इतकी वर्षं कुणासाठी म्हणून गप्प बसलो त्या सगळ्याचा. आई स्टोपाशी पाठमोरी होती, ती वळलीच नाही. तिला माहीत होतं की नाही, मी कधीच विचारलं नाही.

अण्णा म्हणाले, "आता मला ऐकू यील असं बोल. मला आलं तर तुज्या मास्तरांना यीलच की."

मग खरा सराव सुरू झाला. मी घसा फोडून बोलायची, आणि ऐकू आलेला शब्द अण्णा परत म्हणून दाखवायचे. पहिला शब्द आला तो 'जत्रा'. शेजारच्या काकू भांडण लागलं समजून धावत आल्या होत्या.

परीक्षेला बाहेरगावचे एक म्हातारे परीक्षक होते. माझं पहिलं उत्तर ऐकून त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. "बाई, सावकाश. आम्ही इथेच आहोत." सगळे हसले, मीही हसले, पण आवाज काही खाली येईना. तशीच शेवटपर्यंत बोलले.

पास झाले. पुढे पीएच.डी. झाली, तीसेक वर्षं शिकवलं. मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं म्हणून मुलं खूश असायची.

शिकवणारे मला खूप भेटले, सगळ्यांचं ऋण आहे. पण रात्रभर प्रेसवर उभं राहून आलेला एक माणूस, एक अक्षरही ऐकू येत नसताना मान डोलवत माझ्यासमोर जागा बसला होता... अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझा आवाज अजूनही फुटत नाही.